ताणलेली दोरी

सन एकोणीसशे अठ्ठावन्नच्या दिवाळीपूर्वी आमच्या वाडीने टेकडीवर स्वतःचा दिवा उभारला. आदल्या वर्षी काळ्या खडपावर एक होडी फुटली होती. पाण्याखाली दडलेला हा खडक होड्यांच्या वाटेच्या उत्तरेस लगतच, टेकडीपासून मैलभर अंतरावर आहे. दिव्याभोवती पत्र्याचे आवरण घालावे आणि त्यास एक उघडी फट ठेवावी, म्हणजे निर्धोक पाण्यावर तेवढा उजेड पडेल, व ज्यास उजेड दिसेल त्याने निःशंक यावे, अशी योजना होती.

योजना आमच्याच वाडीतल्या दाजींची. ते मुंबईस गोदीत नकाशे काढीत. वाडीत कोन मोजण्याचे साधन नाही हे जाणून त्यांनी जाताना सांगितले, "अंश नकोत. दक्षिणेच्या टोकापासून एक रेडियन उघडा ठेवा. मध्यापासून कडेपर्यंत जेवढी दोरी, तेवढीच दोरी कडेवर घाला. झाला एक रेडियन."

दत्ताराम तांडेलांनी दोरी स्वतः धरली. परशुराम सुताराने दिव्याखालच्या गोल फळीच्या कडेला, दक्षिणेच्या टोकास, एक खिळा ठोकला. तांडेलांनी दोरी त्यास बांधून अशी खेचली, की ती तारेसारखी वाजली. "दोर ढिलो सोडलो तर मासो हसता रे!" ते म्हणाले. दोरी संपली तेथे दुसरा खिळा बसला, आणि दोन खिळ्यांमधली बाजू उघडी राहिली.

प्रथम दीपप्रज्वलनाच्या सायंकाळी मी तेल घेऊन तेथे होतो. तांडेलांनी नारळ फोडून देवास गाऱ्हाणे घातले, की पहिली होडी सुखरूप येईपर्यंत ह्या दिव्यास कोणी हात लावणार नाही. ती पहिली होडी त्यांच्याच पुत्राची, गुरुदासाची होती. निघताना तो पत्नीस, सावित्रीस, म्हणाला होता, "आबांच्या उजेडाची उत्तरेची कड धरून येतलंय. वळसो वाचतलो."

तांडेलांची कन्या विमला सावंतवाडीस शिकत असे. तिने आपल्या कंपासपेटीतील कोनमापक फळीवर ठेवला आणि पुन्हा एकदा ठेवून पाहिला.

"काय गो, मास्तरणी?" परशुराम हसला. "बापाक नापास केलंस?"

"आबा, हे साठ अंश जाले."

"मगे?" तांडेलांनी विचारले.

"एकशेऐंशीक बावीस सप्तमांशान भागला की एक रेडियन. सत्तावन्न आणि थोडा. दोरी कडेवरसून वाकवून घालूची होती. तुमी ती ताणलात, ती कड सोडून आडवी गेली."

"म्हणजे चुकला किती?"

"हय बोटभर."

"बोटभर!" परशुराम पुन्हा हसला. "बोटभरान दर्या उलटतलो काय?"

"हय बोटभर. खडपाकडे ऐंशी वार."

म्हणजे खडपच उजेडात आला होता. वारा पडला होता. खाली समुद्र तेलासारखा स्तब्ध होता, आणि खडपावर लाट फुटल्याचा नित्याचा पांढरा फेसही त्या सायंकाळी दिसत नव्हता.

"मामंजी," सावित्री म्हणाली, "कंदील दिसता. त्येंचोच."

कंदील उजेडाच्या उत्तरेच्या कडेने सरळ येत होता, पित्याच्या शब्दावर पुत्र यावा तसा. फटीची वाढीव जागा झाकण्यास विमलेने पत्र्याचा तुकडा उचलला. तांडेलांनी तिचे मनगट धरले.

"गाऱ्हाणा घातलेलो दिवो आसा. होडी येयसर हात लावचो नाय."

"आबा, होडी येवक होयी म्हणानच सांगतंय!"

"दोर ढिलो धरणारो मी नाय," ते म्हणाले. परंतु त्यांची दृष्टी फळीवर नव्हती, समुद्रावर होती. मनगट त्यांनी सोडले नाही. सावित्री एकदा त्यांच्याकडे व एकदा कंदिलाकडे पाही.

तेवढ्यात कंदील एकदा वर उसळला व थांबला. भर समुद्रात, काळ्या खडपाच्या जागी, जेथे कोणी होडी उभी करीत नाही, तेथे तो थांबला, आणि आमचा स्वच्छ उजेड त्याच्यावर पडत राहिला.

तांडेलांनी मनगट सोडले. तुकडा स्वतःच्या हाती घेऊन त्यांनी तो फटीच्या उत्तरेच्या कडेस, विमलेने बोट ठेवले तिथपर्यंत, लावला. उजेड बोटभर अरुंद झाला. पाण्यावर काळोखाची एक पट्टी पडली, आणि त्या पट्टीत तो कंदील आम्हांस एकटाच दिसू लागला. मग कलताना दिसला.