वर्षाच्या आतला नाताळ

बेर्नादेत बेळगावहून चोवीस तारखेला दुपारी गावी, गुंदला पोचली, तेव्हा तिचे वडील इनास स्वयंपाकघरात खोबरं खवत बसले होते. सत्तरीला आलेल्या त्या माणसाने आयुष्यात विळीला हात लावला नव्हता. खोबऱ्यात करवंटीचा काळा कीस मिसळला होता आणि अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"हे काय, पप्पा?"

"नेवऱ्या करायच्यात. अकरा घरं आहेत."

तिने पिशवी खाली ठेवली. आई जुलैत गेली होती. पहिल्या वर्षात घरात गोडधोड तळायचं नाही, दारात चांदणी लावायची नाही, हे इथल्या ख्रिस्ती घरांत कुणी कुणाला शिकवत नाही. ते ठाऊकच असतं. त्या रीतीच्या भरवशावरच तिने रजा काढली होती. चर्चमध्ये मिस्साला जायचं, निमूट बसायचं, सव्वीसला परतायचं. पाच महिने दिवसा ती कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देत-घेत होती आणि घरी आल्यावर दुःखाविषयी लिहिलेलं वाचत होती. शहाण्या माणसांनी बरंच लिहून ठेवलं होतं. दमलेल्या अंगाला त्याचा उपयोग झाला नव्हता.

"वर्ष व्हायचंय अजून," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. तिनंच सांगितलंय, माझ्यापायी नाताळ बंद ठेवू नका म्हणून." त्यांनी खोबऱ्याची वाटी बाजूला ठेवली. "घर बंद करून बसलो तर मी पुन्हा उठायचा नाही, बाय."

पाच महिन्यांत फोनवर 'जेवलो' आणि 'ठेवतो' यापलीकडे ते काही बोलले नव्हते. त्यांचा शर्ट खांद्यावरून उतरत होता, इतके ते वाळले होते. बेर्नादेतने हात धुतले आणि करंज्यांसारख्या त्या नेवऱ्यांसाठी पीठ भिजवायला घेतलं. आनंद म्हणून नव्हे. कुणीतरी पीठ भिजवायलाच हवं होतं.

नाताळच्या दिवशी सकाळी दोघं जोयड्याला मिस्सा करून परत आली. वाडीत ख्रिस्ती घर हे एवढंच. दरवर्षी आई अकरा घरांना ताट पाठवायची आणि दुपारी ती अकरा घरं यांच्या अंगणात येऊन बसायची. वडिलांनी आज स्वतः अंगण झाडलं, येतील त्यांच्याच हाती द्यायला अकरा ताटं भरून ठेवली, खुर्च्या मांडल्या, दोन बाकं ओढून आणली आणि पांढरा शर्ट घालून वाटेकडे तोंड करून बसले.

एक वाजला. दोन वाजले. कुणी फिरकलं नाही. पलीकडच्या खळ्यावर भात वारवणं चाललं होतं, त्याची धूळ तेवढी येत होती.

"कामं असतील," वडील म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मळणीचे दिवस." मग ते हात गुडघ्यांवर पालथे टाकून बसून राहिले. आईला दवाखान्यातून आणलं त्या दिवशी ते असेच बसले होते.

बेर्नादेतला ते बघवेना. तिने एक ताट उचललं आणि शेजारच्या तुळजाक्काकडे निघाली. तुळजाक्का आईच्या वयाची; लग्न होऊन दोघी एकाच वर्षी वाडीत आलेल्या. ती खळ्यावर सूप धरून उभी होती आणि सून बायजा पोती शिवत होती. ताट बघून दोघींचे हात थांबले.

"हे काय आणलंस गे?"

"नाताळचं, आक्का."

"येडी काय तू? वरसाच्या आत घरातनं गोड भाईर काढतात व्हय? आमी द्यायचं तुमाला. तुमी न्हाई द्यायचं."

"कुणी आलंही नाही."

"कसं येणार? पुंडलिकानं, वाडीतला थोरला म्हणून, सगळ्यांस्नी सांगितलं, यंदा इनासमामाकडं कुणी जायचं न्हाई. दुखाचं घर. लोक गेले की त्यास्नी चा-पाणी करावं लागंल, बाई कोण हाय करायला?" तुळजाक्का सूप खाली ठेवून म्हणाली, "तुमचा मान राखला गे आमी. इसरलो न्हाई."

बेर्नादेतच्या हातात ताट जड झालं. सगळी वाडी मान राखत घरात बसली होती आणि तिकडे एक म्हातारा रिकाम्या खुर्च्यांपुढे बसला होता. नमस्कार करून परत जावं, वडिलांना कामांचंच कारण सांगावं, असं तिला वाटलं. तिच्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. देवाविषयी चारचौघांत बोलायची तर तिला लाजच वाटे. ते खातं आईचं होतं.

"आक्का," ती म्हणाली, "सुतक आम्हालाही आहे. पण हा सण आमचा नाही. त्याचा आहे. तो जन्मला, याचा आनंद आमचं माणूस गेलं म्हणून कमी होत नाही. आई असंच मानत होती. पप्पा सकाळपासून दारात बसलेत. कुणी आलं नाही तर ते उद्या जेवायचे नाहीत, परवाही नाहीत. मला एवढंच सांगता येतं."

तुळजाक्काने तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"तुजी आई एवढं बोलली नसती. ताट माज्या हातात कोंबून गेली असती."

"मला तसं येत नाही."

"ते दिसतंय." तिने पदराने तोंडावरची धूळ पुसली आणि विचार करत उभी राहिली. रीत मोडणं तिला जमणारं नव्हतं, आणि ताट परत पाठवणंही. मग ती सुनेकडे वळली. "बायजे, दुखाच्या घरातलं भाईर आणायचं न्हाई. पण दुखाच्या घरात जाऊन त्यांच्या पंगतीला बसायचं, हे तर आपल्यातच हाय का न्हाई?"

"हाय की."

"मग झालं." ती बेर्नादेतकडे वळली. "ताट माघारी ने गे. आमी येतो. तिथं बसून खातो. चा मी करीन, तू चुलीजवळ येऊ नको, तुजं तोंड बघून दूध नासंल."

अर्ध्या तासात अंगण भरलं. कुणी भुईमूग आणले, पुंडलिकाने टोपलीभर उकडलेले कणग्यांचे कंद आणले, आणि रिकाम्या हाताने आलेल्यांना तुळजाक्काने दारातच झापलं. पहिली नेवरी तिनेच मोडली.

"खोबरं कुणी खवलं हे? दातात करवंटी येतीया."

"मी," वडील म्हणाले.

"तरीच. पुडल्या वरसी मला बोलवा, मामा. असलं खाऊन देवाचं बाळ रडंल."

लोक हसले. वडीलही हसले, आणि हसता हसता त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. सगळ्यांनी एकदम कणग्या सोलायला घेतल्या.

बेर्नादेत खांबाला टेकून उभी होती. पाय दुखत होते. आई नव्हती, ते जागोजागी दिसत होतं.

"आता गोष्ट," बायजा म्हणाली. "मामी दर वरसी सांगायची, ती."

सगळे वडिलांकडे बघू लागले. त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. नाव नोंदवायला निघालेला सुतार, दिवस भरलेली त्याची बायको, लांबची वाट, गावात कुठे जागा नाही. पुढचं त्यांना सांगवेना.

"बाळंतिणीला जागा न्हाई म्हणणारी कोण ती सटवी?" तुळजाक्का कडाडली. ती हा प्रश्न दरवर्षी विचारायची, म्हणून आजूबाजूला लोक आधीच हसायला लागले होते. "सांगा की कुणीतरी!"

वडिलांनी बेर्नादेतकडे पाहिलं. तिने मान हलवून नाही म्हटलं. ते बघतच राहिले.

मग ती खांब सोडून पुढे आली आणि बाकावर, पुंडलिकाने सरकून केलेल्या जागेत बसली.

"तिचं नाव लिहिलेलं नाही, आक्का," ती म्हणाली. "पण गोठ्यात जागा मिळाली. बाळ तिथंच झालं. आईनं त्याला कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं." आवाज थकलेला होता, सरळ होता, आईसारखे हातवारे तिला येत नव्हते. "आणि बाहेर रानात धनगर होते. दिवसभर मेंढरांमागे चालून दमलेले. राजाला नाही, भटजीला नाही, पहिल्यांदा त्यांना देवदूतानं सांगितलं, बाळ जन्मलंय म्हणून."

"दमलेल्यांस्नी?" बायजाने विचारलं.

"हो."

"मग गेले का ते?"

"गेले," बेर्नादेत म्हणाली. "तसेच उठले आणि गेले."