साडेअकरा दिवस

डीनाला कॉलेजात हिशेबनिशीच्या पदवीला घातलं ते तिच्या थोरल्या बहिणीनं, मार्लानं. दोन वर्षं डीनाची पोर सांभाळली. शेवटच्या सत्रात एकशेवीस तास प्रत्यक्ष काम करायची वेळ आली, तेव्हा मॅनेजरला गाठून आपल्याच खिडक्यांच्या कारखान्यात, हिशेब खात्यात, तिला जागाही मिळवून दिली. मार्ला तिथं एकोणीस वर्षं काचा बसवत होती.

पहिल्याच दिवशी डीनानं गुप्ततेच्या कागदावर सही केली. व्होस्कुइल सरांनी वर्गात बजावलंच होतं, "या धंद्यात तोंडाला कुलूप. एक शब्द बाहेर गेला तर पदवी जाईलच, वर कुणी तुम्हाला हिशेबाला हात लावू देणार नाही."

फेब्रुवारीत हिशेबनीस कीथनं तिच्यापुढे यादी टाकली. प्रत्येकाच्या शिल्लक रजेचे अठ्ठावीस तारखेपर्यंतचे पैसे काढायचे होते. असे पैसे नोकरी सुटणाऱ्याचे काढतात, हे ती पुस्तकात शिकली होती. यादीत त्र्याऐंशी नावं होती, म्हणजे अख्खा कारखाना. मार्लाचे साडेअकरा दिवस निघाले. डीनानं तो आकडा तीनदा तपासला, जसं काही तो चुकला असता तर कारखाना वाचणार होता.

त्या संध्याकाळी मार्लानं पोरीला घरी आणलं आणि सूप वाढता वाढता म्हणाली, "शनिवारी नव्या पिकअप ट्रकच्या कर्जावर सही करतेय. जुन्याचा हीटर गेलाय, तुझी पोर कुडकुडते त्यात."

"ताई, उन्हाळ्यापर्यंत थांब ना."

"का गं?"

"किमती उतरतील."

"दोन वर्षं शिकून हीच अक्कल? ती मला फुकटात मिळाली असती." मार्ला हसली.

इकडे आड, तिकडे विहीर. डीना खाली मान घालून सूप गिळत राहिली. तिला स्वतःची किळस आली. शनिवारी सही झाली.

अठ्ठावीस तारखेला कारखान्याच्या फाटकाला टाळं लागलं. सरांनी डीनाच्या कामाला सगळ्यात वरची श्रेणी दिली.

संध्याकाळी मार्ला आली. डोळे सुजलेले होते. कोटाच्या खिशातून तिनं शेवटच्या पगाराच्या हिशेबाचा घडी घातलेला कागद काढला.

"शिकलेली आहेस, जरा बघून सांग. माझी अकरा दिवसांची रजा धरलीय."

"साडेअकरा हवी," डीना म्हणाली.

कागद अजून मार्लाच्याच हातात होता, घडीसुद्धा मोडली नव्हती.

मार्ला तिच्याकडे बघत राहिली. "म्हणजे मी सही केली तेव्हा तुला ठाऊक होतं."

मार्लानं कागद खिशात ठेवला, हातमोजे चढवले. "उद्यापासून पोरीला शाळेत तूच सोड," ती म्हणाली.