लोण्याचा वास जाईपर्यंत

सासऱ्यांनी नळीचं बूच काढलं, ती नाकापासून वीतभर लांब धरली आणि दुसऱ्या हातानं वारा घेत डोळे मिटले.

“लोणी,” ते म्हणाले.

“नऊ वर्षांनी प्रयोगशाळेत पाऊल टाकलंत सर, आणि आल्या आल्या नाकच खुपसलंत?” बेसिनपाशी काचेची भांडी विसळणाऱ्या मावशी म्हणाल्या.

“जित्याची खोड, मावशी.”

सून हसली नाही. ती घड्याळाकडे बघत होती. सकाळी सातला तिनं एन्झाइमची पिशवी धुण्यासाठी बीकरमध्ये सोडली होती, आता साडेअकरा झाले होते.

चार दिवसांपूर्वी जेवताना तिनं एकदाचं सांगून टाकलं होतं, “बाबा, माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण तुमच्या लेखाच्या विरुद्ध जातंय.” लेख एकतीस वर्षांपूर्वीचा. सासऱ्यांनी जन्मभर काम केलं, पण नाव झालं ते त्या एकाच लेखानं. ती ज्या एन्झाइमवर काम करत होती, त्याला कामासाठी अर्जिनिन हे अमिनो आम्ल लागत नाही, असं त्यांनी त्यात ठामपणे लिहिलं होतं. नळीतलं हे लोण्याच्या वासाचं रसायन प्रथिनातल्या अर्जिनिनलाच जाऊन चिकटतं, इतरांच्या वाटेला सहसा जात नाही. त्यांनी ते चिकटवलं, मग एन्झाइम तपासलं, तर ते आपलं ठणठणीत. सुनेनं तेच केलं, फक्त सोबत बोरेट हा क्षार घातला, आणि एन्झाइम आडवं झालं.

मग घरात कुणी धड बोलेना. “दोन शास्त्रज्ञांच्या घरात मीठ मागायलाही पुरावा लागतो,” असं नवरा म्हणून बसला, त्यालाही कुणी दाद दिली नाही. शेवटी काल सकाळी चहा घेता घेता सासऱ्यांनीच तोंड उघडलं.

“विष घालून कुणीही मारेल गं. त्यानं अर्जिनिनचं काय सिद्ध होतं? ते रसायन काढून घे आणि तेच एन्झाइम उठवून दाखव. मग मानलं.”

“आणि नाही उठलं तर?”

“तर प्रकरण काढून टाक.”

तिनं मान हलवली होती. दोन वर्षांचं काम होतं ते. रात्री तिला धड झोप लागली नाही, आणि पलीकडच्या खोलीतला दिवाही बराच वेळ जळत होता.

आता तिनं बीकरमधून पिशवी बाहेर काढली. करंगळीएवढी, पारदर्शक, दोन्ही टोकांना गाठ मारलेली, आत ते आडवं झालेलं एन्झाइम. लहान रेणू तिच्यातून निथळून बाहेर जातात, एन्झाइम मोठं असतं, ते आतच राहतं. तिनं दोन चौकोनी काचनळ्यांत पाण्यासारखं स्वच्छ द्रावण भरून ठेवलं होतं. एन्झाइम कामाला लागलं की ते पिवळं होतं. पहिलीत तिनं रसायन आणि बोरेट दोन्हींत तसंच ठेवलेलं एन्झाइम टाकलं आणि दुसरीत पिशवीतलं.

मिनिट गेलं. दोन्ही नळ्या स्वच्छ. सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मावशींनी नळ बंद केला.

दुसऱ्या नळीत आधी नुसती शंका आली. मग तळापासून पिवळेपणा चढू लागला, आणि बघता बघता सगळी नळी पिवळीजर्द झाली. पहिली तशीच होती.

“अगंबाई!” मावशी म्हणाल्या.

सून नळीकडे वाकून बघत राहिली. डोळ्यांना कधी न दिसणारं हजारो अणूंचं ते गाठोडं. त्यातल्या एका कोपऱ्यातल्या अर्जिनिनचा हात कुणीतरी धरून ठेवला, तर सगळं गाठोडं ठप्प. हात सुटला, की जणू मधे काही घडलंच नाही. पुस्तकात तिनं हे शंभरदा वाचलं होतं, पण समोर घडताना बघणं वेगळं होतं. तिला रडूच येणार होतं.

सासरे मात्र बीकरकडे बघत होते.

“ह्यात काय आहे?”

“साधा बफर, बाबा. बोरेट नसलेला. बोरेट त्या रसायनाला अर्जिनिनवर घट्ट धरून ठेवतं. ते धुऊन गेलं की पकड सुटते.”

त्यांनी सोबत आणलेल्या कापडी पिशवीतून जुनी वही काढली. पानं पिवळी पडली होती. एका पानावर त्यांनी बोट ठेवलं.

“मावशी, तेव्हा माझ्या पिशव्यांचं पाणी कोण बदलायचं?”

“मीच की. लोण्याच्या वासानं तुमचं डोकं उठायचं. वास जाईपर्यंत धुवा, म्हणायचात. दोन-दोन दिवस धुवायचे.”

“आणि मग मी तपासायचो.”

“मग तुम्ही तपासायचात.”

सासऱ्यांनी वहीतलं बोट काढलं नाही.

“म्हणजे माझ्याकडेही ते आडवं झालं होतं,” ते सावकाश म्हणाले. “मी दोन दिवस धुऊन त्याला उठवून बसवलं, आणि मग लिहिलं, ह्याला काही झालंच नाही.”

“बाबा, कुणाच्याही हातून झालं असतं.”

“माझ्या हातून झालं. समजूत नंतर काढ.” त्यांनी पिवळी नळी उजेडात धरली. त्यांचा चेहरा सुनेनं कधी पाहिला नव्हता इतका तरुण दिसत होता. “काय सुंदर आहे गं हे! माझ्याच हातात रोज जिवंत होत होतं. आणि मी मेला वासाला कंटाळलो होतो.”

मग त्यांनी विचारलं, “एन्झाइम उरलंय?”

“एका वेळेपुरतं.”

“मावशी, एखादा अ‍ॅप्रन बघा. माझ्या मापाचा नसला तरी चालेल.”

त्यांनी वहीचं शेवटचं लिहिलेलं पान उलटलं. पलीकडचं कोरं होतं. वर त्यांनी ‘मागील पानावरून पुढे’ असं लिहिलं आणि खाली आजची तारीख घातली. साक्षीदाराच्या रकान्यात सुनेचं नाव लिहून सहीची जागा मोकळी सोडली. मग बाह्या दुमडून ते टेबलापाशी उभे राहिले.

“हं, सांग आता,” ते म्हणाले. “बोरेट किती घालू?”