पुसलेली पिसं

मी एक जुना चित्रपट आहे. दचकू नका, मित्रांनो! छत्री, फळा आणि फाटकी चप्पल यांनी आपापली कहाणी तुम्हांला सांगितलीच आहे. मी तर जन्मल्यापासून बोलतोच आहे. मी का म्हणून गप्प बसू?

माझा मुक्काम सध्या एका निळ्या पेटीत आहे. आम्ही सात स्लोव्हाक चित्रपट सात डीव्हीडींवर तिथे शेजारी शेजारी राहतो. सगळे म्हातारे, पण धुऊनपुसून नव्यासारखे केलेले. माझ्या शेजारचा भारीच गंभीर आहे. त्याच्यात अर्धा तास कोणी बोलतच नाही, आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

माझा जन्म यावोरिंका नावाच्या डोंगरातल्या गावात झाला. हिवाळा होता. ज्या घरात मुलीचं लग्न ठरलेलं असे, तिथे गावातल्या बाया पिसं सोलायला जमत. टेबलावर हंसाच्या पिसांचा ढीग असे. काडीपासून मऊ भाग ओरबाडून वेगळा करायचा आणि त्यातून मुलीसाठी दुलई आणि उशा भरायच्या. तिथे शिंकायचं नाही, जोरात हसायचं नाही आणि दार उघडायचं ते अगदी हळू. नाहीतर दिवसभराचं काम हवेत.

आमच्या दिग्दर्शकाला हे सगळं खरंखुरं टिपायचं होतं. म्हणून त्याने वेरोनाच्या घरी कॅमेरा लावला. तिच्या मुलीचं, इलोनाचं, लग्न वसंतात होतं. दिग्दर्शक म्हणाला, "बायांनो, कॅमेऱ्याकडे अजिबात बघू नका हं." झालं! सगळ्या बाया डोळे वटारून कॅमेऱ्याकडेच बघायला लागल्या. वेरोना तर ओठ घट्ट मिटून बसली. तिचा पुढचा दात पडला होता. लग्नाकार्यातल्या सगळ्या फोटोंत ती अशीच बसलेली आहे, जणू कोणावर तरी रागावली आहे.

तेवढ्यात खिडकी किलकिली झाली आणि एक चिमणी आत आली. ती आपणहून आली नव्हती. पिसं सोलताना चिमणी आत सोडायची, ही तिथल्या टवाळ पोरांची जुनी खोडी आहे. चिमणी घाबरून टेबलावर फडफडली आणि सगळी खोली पिसांनी भरून गेली. वेरोना हवेत हात मारत ओरडली, "अरे मेल्या मिखाल, तूच तो! जावई होणार आहेस ना या घरचा? थांब, तुला याच पिसांत कोंबते!" आणि मग ती हसली. तोंडावर हात घ्यायचं विसरून, मान मागे टाकून, पडलेल्या दातासकट हसली. कॅमेरा चालूच होता. मित्रांनो, माझ्यात पुढे मोठमोठे नट आहेत, रडारड आहे, एक घोडासुद्धा आहे. पण त्या हसण्याइतकं सुंदर माझ्याकडे दुसरं काही नाही.

वसंतात इलोनाचं मिखालशी लग्न झालं. पुढच्या हिवाळ्यात वेरोना गेली.

मी मात्र गावोगावी फिरलो. चित्रपटगृहं भरत होती, लोक टाळ्या वाजवत होते. माझं डोकं जरा फिरलंच होतं म्हणा ना! मग दिवस पालटले. चित्रपटगृहांत गाद्या आणि गालिचे विकायला लागले आणि मी पत्र्याच्या डब्यात जाऊन पडलो. तिथे माझे रंग उडाले. माझ्यातलं बर्फसुद्धा गुलाबी दिसू लागलं. अंगावर चरे पडले, धूळ बसली. कोणी झाकण उघडून साधं विचारलंसुद्धा नाही. फार वाईट वाटायचं.

एकच घर मला विसरलं नव्हतं. मी एकदा टीव्हीवर लागलो होतो, तेव्हा इलोनाने मला कॅसेटवर उतरवून घेतलं होतं. मिखाल गेल्यावर ती मुलाकडे ब्रातिस्लाव्हाला, उंच इमारतींच्या वस्तीत राहायला आली, तेव्हा ती कॅसेट सोबत होती. चिमणीचा प्रसंग आला की ती कॅसेट मागे घ्यायची, पुन्हा लावायची, पुन्हा मागे घ्यायची. नेमकी तिथेच फीत झिजली. आईचं हसू यायच्या आत पडद्यावर नुसत्या पांढऱ्या रेघा नाचायच्या.

तिच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये दोरोता राहायची. जुने चित्रपट दुरुस्त करणं हेच तिचं काम. आमचा सात जणांचा संच तिच्याच हाती आला होता. हे कळल्यापासून इलोनाने तिला खसखशीचे रोल खाऊ घालून घालून बेजार केलं होतं.

"आमचा चित्रपट कुठवर आला गं?"

"येतोय, मावशी. आणखी रोल नकोत, मला कपडे होईनासे झालेत!"

अखेर दोरोता नमुन्याची डीव्हीडी घेऊन आली. बर्फ पांढरं झालं होतं, चरे गेले होते. चिमणी आली. वेरोना हसली. इलोना मात्र हसली नाही. तिने पुन्हा लावायला सांगितलं. मग हळूच विचारलं, "दोरोता, माझी आई कशाला हसते आहे?"

"म्हणजे?"

"अगं, पिसं कुठे गेली?"

दोरोताने नीट पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. चिमणी फडफडत होती, बाया हात झाडत होत्या, पण हवा स्वच्छ होती. माझ्या अंगावर क्षणभर दिसून नाहीसा होणारा प्रत्येक पांढरा ठिपका कॉम्प्युटरला धूळ वाटला होता आणि त्याने तो इमानेइतबारे पुसला होता.

"धूळ?" इलोना आत गेली आणि आपली उशी घेऊन आली. "ही बघ धूळ! याच पिसांवर मी आयुष्यभर झोपले. अशी वेड्यासारखी वाऱ्यावर हसणारी आई मला नको गं." आणि ती उशी पोटाशी धरून रडू लागली.

दुसऱ्या दिवशी दोरोता साहेबांपुढे उभी राहिली. ग्रेगुश साहेब वैतागले. "पेटी छापायला निघाली आहे! चार पिसांसाठी सगळ्यांना खोळंबून ठेवणार?"

"एकदा बघा तरी."

त्यांनी पाहिलं. "या बायका काय माशा मारतायत?"

"तेच म्हणते मी."

साहेबांनी टक्कल खाजवलं. "कर बाई, कर."

मग दोरोताने मूळ फितीवरचं एकेक चित्र हाताने तपासलं. ही धूळ, हे पीस. ही पुसायची, हे राहू द्यायचं. इलोनाने उशीची शिवण उसवून तिला बरणीभर पिसं दिली होती. पीस कसं पडतं ते बघायला दोरोता कचेरीत मूठमूठ पिसं उडवायची आणि ग्रेगुश साहेब शिंकून शिंकून हैराण व्हायचे. मी मुकाट्याने पडून होतो. कोणी आपल्याकडे इतकं निरखून पाहावं, याचं सुख काय सांगू!

मित्रांनो, तुमच्याही घरी जुन्या कॅसेटी असतील, पिवळे पडलेले फोटो असतील. ते डब्यात कुजू देऊ नका. पुसा, जपा, पण हात हळू असू द्या. पुसण्याआधी घरातल्या कोणा म्हाताऱ्या माणसाला हाक मारा आणि विचारा, ही धूळच आहे ना?

पेटी दुकानात आली त्याच दिवशी इलोनाने मला लावलं. टीव्हीसमोर ती अगदी पुढे सरकून बसली होती. चिमणी सुटली, खोली पिसांनी भरली, वेरोनाने मान मागे टाकली. नेमकी त्याच वेळी दोरोता धाडकन दार उघडून आत आली.

पडद्यावरची नजर न हलवता इलोना ओरडली, "अगं हळू! दार लाव आधी, पिसं उडतील!"

आणि दोरोताने, मित्रांनो, श्वास रोखून दार अगदी हळू लावलं.