अंगठ्याचा खळगा

साल १९६८. रोपवाटिकेमागची सिमेंटची टाकी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच कोरडी पडली आणि वहिनी पदर खोचून आत उतरल्या. खराट्याने गाळ कोपऱ्याकडे लोटताना काहीतरी खणकन वाजलं. त्यांनी वाकून ते उचललं, बोटांनी चिखल पुसला आणि खराटा भिंतीला टेकवून ठेवला.

मिटता चाकू होता. पातं गंजून मुठीतच फुगलं होतं, मुठीचं लाकूड एका बाजूने कुजून निघालं होतं. पण टोकाची पितळी टोपी ओळखू येत होती. "हरवला तो," असं यजमान हिवाळ्यात म्हणाले होते आणि त्या चाकूसाठी वहिनींनी सगळं घर पालथं घातलं होतं. व्हरांड्यापासून टाकी बरीच लांब होती. हातातून निसटलेला चाकू तिथवर जात नाही.

यजमानांना सगळे कलमवाले म्हणत. गुलाबाच्या रानटी खुंटावर चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, भरावा तो त्यांनीच. हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांना झटका आला. पाय सावरला, वाचा परत आली, उजवा हात मात्र आलाच नाही. तेव्हापासून ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत, ती झाडांकडे पाठ करून. लेकीने आपल्या घरी त्यांच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली होती. यंदा डोळे भरले गेले नाहीत तर बाग मोडायची, हे कुणी बोललं नव्हतं, पण ठरल्यासारखंच होतं.

वहिनींनी चाकू कमरेला खोचला आणि जेवणं उरकल्यावर बाजार गाठला.

कुलूपवाल्याच्या दुकानात माणूस एकच मावे, त्यामुळे गिऱ्हाईक कायम पायरीवर. त्याने चाकू उलटासुलटा केला.

"वहिनी, हा काय समुद्रातून काढलात?"

"होईल का ते सांगा."

"होईल हो. पण जुनं असं यात फक्त ती टोपी राहील. बाकी सगळा नवा जन्म."

"राहू दे टोपी तरी."

त्याने पातं रॉकेलमध्ये भिजत घातलं. मुठीसाठी वहिनी दुसऱ्या दिवशी नासपतीच्या जुन्या खोडाचा वाळलेला तुकडा घेऊन आल्या. आतली स्प्रिंग त्याने मोडक्या करवतीच्या पात्यातून कापून काढली. मग धार लावायला बसला आणि थांबला.

"कलमाच्या चाकूला एकाच अंगाने धार असते. नेहमीसारखी लावू?"

"उलट्या अंगाने. डाव्या हाताने चालवायचा आहे."

कुलूपवाल्याने सहाणेवर पातं पालथं केलं.

"मग उघडायचाही एकाच हाताने," पातं घासता घासता तो म्हणाला. "पात्याला खुंटी बसवतो पितळेची. अंगठ्याने ढकलली की उघडेल. मुठीत अंगठ्यापुरता खळगा कोरायला लागेल. त्यांना घेऊन या, माप घेतो."

"ते यायचे नाहीत. आणि त्यांना कळताही कामा नये."

"मग माप कुणाचं घेऊ? माझं?"

वहिनींनी आपला डावा हात पुढे केला. अंगठा कुठे पडतो, कुठवर वळतो, ते त्याने पेन्सिलीने लाकडावर आखून घेतलं. बरोबर त्या रेघेवर कोरलं. चाकू वहिनींच्या हातात असा बसला, की दोघंही खूश झाली. आपण काय करून बसलो हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

सकाळी चहाच्या कपाशेजारी चाकू ठेवून वहिनी तिथेच भाजी निवडत बसल्या. कलमवाल्यांनी तो बराच वेळ नुसता पाहिला.

"कुठे मिळाला?"

"टाकीत."

कप बशीत ठेवताना जरा वाजला.

"पडला असेल," ते म्हणाले.

"पडला असेल," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी डाव्या हाताने चाकू उचलला. पितळी टोपीवरून बोट फिरवलं. मग खुंटी ढकलून पाहिली. त्यांचा अंगठा चांगला रुंद, कामाने चपटा झालेला. तो खळग्यात शिरेना, कडेवर अडकून घसरे. दोनदा घसरला. त्यांनी चाकू खाली ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

वहिनींच्या हातातली शेंग तशीच राहिली. जरा वेळाने त्यांनी हात पुसले, चाकू उचलला आणि डाव्या अंगठ्याने टचकन उघडून त्यांच्यापुढे धरला.

कलमवाल्यांनी पात्याकडे पाहिलं, मग त्या अंगठ्याकडे.

"म्हणजे चाकू तुझा झाला म्हण की."

"झाला. हवा असेल तर मागून घ्यायचा."

ते हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा तोंड दोन्ही बाजूंनी हललं. "बघा, म्हातारपणी बायकोपुढे हात पसरायची वेळ आली!"

"एकच पसरा. तेवढा पुरे."

त्यांनी धार उजेडाकडे धरली. उलटी आहे हे त्यांना दिसलं. खुर्चीच्या हाताला रेटा देऊन ते उठले.

"चल. पिवळ्या गुलाबाची काडी धर मला."

पहिली सगळी कलमं वाळली. डाव्या हाताचा काप तिरका जाई. वहिनींनी पट्टी बांधली की डोळा हलून जाई. "अगं, जखम बांधतेस की गाठोडं?" ते ओरडत. "काप नीट द्या, म्हणजे बांधीन नीट." मग एका खुंटावरचा डोळा हिरवा राहिला. त्या दिवशी दोघांपैकी कुणीच त्याला हात लावला नाही.

कुलूपवाल्याला आपली चूक कळली तेव्हा तो धावत आला. "द्या इकडे, खळगा मोठा करतो. तासाभराचं काम."

"असू दे," कलमवाले म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी वाफ्यांमधून हाक येई, "उघड गं!" आणि वहिनी हातातलं टाकून जात. चुलीवर दूध असलं तरी जात.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी वहिनींचा अंगठा खळग्यात सैल पडला. वरचं लाकूड फिकं, नव्याने उघडं पडल्यासारखं दिसत होतं. आदल्या दिवशी कुंड्यांच्या फळीमागे त्यांना काचेचा एक तुकडा सापडला होता, कडेला पिवळट भुसा लागलेला. कलमवाले काडीच निरखत होते, मान वर न करता. खळगा आता त्यांच्या अंगठ्याएवढा झाला होता. नीट त्यांच्याच.

"लाकूड झिजलंय वाटतं," वहिनी म्हणाल्या.

"झिजलं असेल."

वहिनींनी चाकू उघडून त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी हाक आली, तेव्हाही त्या गेल्या. पुढे सगळी वर्षं जात राहिल्या.

कलमवाले एका थंडीत झोपेतच गेले. बाग भाच्याने चालवायला घेतली. पिवळा गुलाब तिथे अजून आहे. लेकीने रिकामी ठेवलेल्या खोलीत शेवटी वहिनी एकट्याच गेल्या, जाताना चाकू घेऊन. कुलूपवाल्याने दुकान मुलाकडे सोपवलं, पण पायरीवर बसायचं सोडलं नाही. स्प्रिंग ढिली झाली म्हणून वहिनी एकदा मुद्दाम एवढ्या लांबून आल्या, तेव्हा त्याने चष्मा कपाळावर सरकवून मूठ अगदी डोळ्यांजवळ नेली.

"वहिनी, हा खळगा मी असा कोरला नव्हता."

"झिजला."

"लाकूड असं झिजत नसतं हो." त्याने चाकू मिटला, उघडला. "तुमचा अंगठा यात हिंडत असेल. लाकूड भरून देऊ? पूर्वीसारखा तुमच्या मापाचा होईल."

वहिनींनी चाकू हातात घेतला आणि अंगठा त्या खळग्यात ठेवला. दोन्ही बाजूंना मोकळी जागा उरली.

"नको भाऊ," त्या म्हणाल्या. "असू दे ती जागा."