काकणांचा आंबा

तोंडवलीत गुरुदास तांडेलांच्या घरामागे, खाडीच्या अंगाला एक उंच रायवळ आंबा होता. त्याची फळं इतकी आंबट की पोरंसुद्धा दगड मारत नसत. पण शेंड्याजवळच्या बेचक्यात समुद्रगरुडाच्या जोडीनं घरटं केलं होतं. गावात या पक्ष्याला काकण म्हणतात. पाऊस सरला की ती जोडी नव्या काटक्या आणून जुन्याच घरट्यावर रचायची आणि थंडीत अंडी उबवायची. वर्षं जाता जाता घरटं बैलगाडीच्या चाकाएवढं रुंद झालं होतं.

संचिताला ते पहिल्यांदा दाखवलं प्रियांकानं, गुरुदासांच्या एकुलत्या मुलीनं. तेव्हा ती आठवीत होती आणि संचिता तिला विज्ञान शिकवायची. संचिताचं माहेर कुडाळकडचं, भातशेती करणाऱ्यांचं. देवेशशी लग्न करून ती तोंडवलीत आली. देवेश गुरुदासांचा सख्खा पुतण्या, होडीतून पर्यटकांना डॉल्फिन दाखवायचा. गावातल्या बायकांना समुद्रात मासळी दिसायची, संचिताला त्यावरचे पक्षी दिसू लागले. हिवाळ्यातल्या रविवारी ती शाळेतल्या मुलांना घेऊन खाडीच्या मुखाशी जायची. तिथल्या वाळूवर उत्तरेकडून आलेले कुरव थव्यानं बसलेले असत, वाऱ्याकडे तोंड करून. पर्यटकांच्या गाड्या त्यांच्यात घुसू नयेत म्हणून मुलांनी दोर बांधून लाल फडकी लावली होती.

या सगळ्यात प्रियांका पुढे. शाळा सुटली, मालवणात कॉलेजही झालं, तरी रविवारी सकाळी ती बाईंच्या दारात हजर असायची. चहा स्वतःच करून घ्यायची. संचिताला मूल नव्हतं. प्रियांकाची आई ती लहान असतानाच गेली होती. दोघींनी एकमेकींना कधी काही नाव दिलं नाही, पण प्रियांकाचं लग्न रेडी गावच्या मुलाशी ठरलं तेव्हा तिनं ते बापाच्याही आधी बाईंच्या स्वयंपाकघरात येऊन सांगितलं.

त्याच वर्षी गुरुदासांनी आवारात पर्यटकांसाठी खोल्या बांधायचं काढलं. आंबा नेमका मधोमध येत होता. तोडायला माणसं आली त्या सकाळी संचितानं वनखात्याला फोन लावला. वनपाल आला, मान वर करून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "घरट्यात पक्षी आहेत तोवर या झाडाला हात लावता येणार नाही. कायद्यानं गुन्हा आहे."

"नाही लावणार, साहेब," गुरुदास हात जोडून म्हणाले. "आमचीच पाखरं आहेत ती."

साहेबांना त्यांनी शहाळं प्यायला घातलं. संचितालाही घातलं. चुलतसासरे एवढ्या सहज ऐकतील असं तिला वाटलं नव्हतं.

नोव्हेंबरात शाळेत पक्षी सप्ताह झाला. संचितानं पडद्यावर फोटो दाखवले, पालकांनाही बोलावलं होतं. गुरुदास पहिल्या रांगेत बसले होते. शेवटी त्यांनी हात वर केला.

"बाईनू, एक इचारू? ह्यो काकणी कशाक घाबरतत? समाजला तर आमीय सांभाळून ऱ्हवू."

संचिताला इतका आनंद झाला की तिनं सगळं नीट समजावून सांगितलं. पिल्लं लहान असताना झाडाखाली गर्दी झाली, मोठा आवाज झाला, फटाके वाजले तर मोठे पक्षी घरटं सोडून उठतात. फार घाबरली तर परत येतच नाहीत. पिल्लांच्या अंगावर तेव्हा नुसती लव असते. सावली धरायला आई नसली तर ती उन्हानं मरतात, नाहीतर कावळे त्यांना फोडतात.

"बरा झाला सांगलास," गुरुदास म्हणाले. "गावाक ह्या म्हायतीच नाय."

पालकांनी टाळ्या वाजवल्या.

डिसेंबरात घरट्यात दोन पांढरी डोकी दिसू लागली. शाळेच्या गच्चीवरून दुर्बिणीतून स्वच्छ दिसायची. नर समुद्रावरून मासा आणायचा, मादी त्याचे बारीक तुकडे करून भरवायची. त्याच सुमारास प्रियांकाच्या लग्नाचा मांडव उभा राहिला, मालवणच्या कार्यालयात नाही, घरीच, आणि तोही आंब्याखाली. ते कळल्यावर संचिता तडक उठली. ती गुरुदासांकडे जायला निघाली, तर वाटेत प्रियांकाच भेटली, हातांवर ओली मेंदी घेऊन.

"बाई, तुमी काय काळजी करू नका. बाबांका मी सांगलंय, बेंजो नको, फटाके नको. नायतर मी बोहल्यार उभी ऱ्हवूचंय नाय. बाबा हो म्हणाले."

आणि खरंच, लग्नात नुसती सनई वाजली. मंगलाष्टकांच्या वेळी मादी घरट्यात दबून बसलेली होती, मांडवाच्या कडेतून तिची चोच तेवढी वर दिसत होती. अंतरपाट दूर झाल्यावर प्रियांकानं आधी नवऱ्याकडे आणि मग हळूच वर पाहिलं, आणि संचिताकडे बघून हसली. संचिता पंगतीत बसली, वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ जेवली. वाढायला स्वतः गुरुदास फिरत होते. तिनं त्यांना म्हटलं, "काकानू, तुमचे उपकार कसे फेडू?"

"पोटभर जेव," ते म्हणाले.

रेडी लांब, म्हणून वऱ्हाड दुपारीच निघालं. प्रियांका बाईंच्या गळ्यात पडून रडली. गाड्या वळणाआड गेल्या, धूळ खाली बसली. मग गुरुदासांनी मांडवाच्या मागून खोके आणायला सांगितले.

फटाक्यांची पहिली माळ आंब्याच्या बुंध्याला गुंडाळली होती. ती पेटली तशी मादी घरट्यातून फेकल्यासारखी उठली. नरही कुठूनसा आला. दोघं झाडावर घिरट्या घालत ओरडू लागली. धूर जरा विरला की मादी पाय खाली सोडून उतरू बघायची, आणि ती फांदीजवळ आली की खालून बाण सुटायचा. मग त्याचा खेळच झाला. मोठी माणसं पैज लावल्यासारखी ओरडत होती, "इली, इली, सोड आता!" पोरं टाळ्या पिटत होती. यातली कितीतरी पोरं संचिताबरोबर वाळूवर दोर बांधायला आलेली होती.

संचिता धावत गुरुदासांपुढे गेली. "काकानू, तुम्ही शब्द दिला होता!"

"दिलंय तो माझ्या चेडवाक, प्रियांकाक. चेडू दारातसून जायसर गप ऱ्हवलंय," गुरुदास म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "माझ्या झाडाक मी हात लावलंय? कुऱ्हाड मारलंय? तूच सांगलंस शाळेत काय काय करूचा नाय ता. आमी लक्ष देवन आयकला." मग आजूबाजूच्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझ्या कुशीत काय नाय, म्हणान पाखरांची पिलां कुरवाळत बसतस."

कोणीतरी हसलं. सगळे नाही हसले, पण संचिताच्या बाजूनं कोणी पुढेही आलं नाही. वनपालही लग्नाला आलेला होता. त्याला टोपी-नारळ मिळाला होता आणि तो खुर्चीत बसून आइस्क्रीम खात होता. "खासगी कार्यक्रम आहे, मॅडम," तो म्हणाला. "फटाक्यांचं आमच्याकडे येत नाही."

तेवढ्यात पुढची माळ पेटली. ती पेटवणारा माणूस वाकलेला होता. सरळ झाला तेव्हा तिला दिसलं, तो देवेश होता. लग्नासाठी तिनंच इस्त्री केलेला आकाशी सदरा त्याच्या अंगात होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या माळेचं कागदी वेष्टण फाडायला घेतलं.

घरी आल्यावर तिनं त्याला एकच विचारलं, का म्हणून. तो म्हणाला, "काकांच्या खोल्यो झाल्यो की त्येंची गिऱ्हायकां माझ्याच होडयेत येतली. तुझ्या पाखरांनी माका काय दिल्यानी?" आणि जेवायला वाढ म्हणाला. तिनं वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती शाळेच्या गच्चीवर होती. नर एकदा मासा घेऊन आला, घरट्याच्या कडेला टाकून गेला. मादी दिसली नाही. मासा तसाच पडून राहिला. तो फाडून भरवणारं कोणी नव्हतं आणि पिल्लांना तो फोडता येत नव्हता. दुपारी दोन्ही डोकी वर होऊन चोची उघडी पडली होती. संचितानं पुन्हा वनखात्याला फोन केला. झाडावर चढायला परवानगी लागेल, पक्षी हाताळणारा माणूस बाहेरून बोलवावा लागेल, उद्या बघू, असं उत्तर आलं. गावात नारळ काढणारे होते. ती एकेकाच्या दारी गेली. गुरुदासांच्या आवारात चढायला कोणी तयार होईना. संध्याकाळी ती गच्चीवर परतली तेव्हा कावळे आले. तिनं दुर्बीण खाली ठेवली नाही. आपण बघितलं नाही तर कोणीच बघणार नाही, असं तिला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी मांडव उतरवला. देवेश घरी आला तो हातात लाडवांचा खोका घेऊन. लग्नात वाटलेला तसलाच, वर सोनेरी अक्षरांत प्रियांकाचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव छापलेलं.

"काकांनी धाडल्यानी," तो म्हणाला. "मांडवाच्या कापडार पडला होता. म्हणाले, बाईंका व्हया होता, देवन ये."

आत एक पिल्लू होतं. एक डोळा फुटलेला, पंख उलटा वळलेला, पण जिवंत. लवेला लाडवाचा चुरा चिकटला होता. संचितानं बांगड्याचे बारीक तुकडे करून त्याच्या चोचीशी धरले. एक तुकडा त्यानं घेतला. तिला वाटलं, जगेल. तिनं त्याला जुन्या साडीत गुंडाळून पोटाशी धरलं आणि चुलीपुढे बसून राहिली. देवेश तिला ओलांडून पाणी घ्यायला आला, गेला. भात शिजेपर्यंत पिल्लू मेलं.

मग वनखात्याचा पंचनामा झाला. घरटं रिकामं, हरकत नाही. आंबा पडला तेव्हा आवाज शाळेपर्यंत आला. वर्गातली मुलं खिडकीकडे धावली, संचितानं त्यांना जागेवर बसवलं आणि धडा पुढे चालू ठेवला.

फेब्रुवारीत प्रियांका माहेरी आली. आल्या आल्या बाईंकडे आली, हातात काजूगरांची पिशवी. अंगानं जरा भरली होती, खूश दिसत होती. ओट्याशी जाऊन तिनं सवयीनं चहाचं आधण ठेवलं.

"झाड नाय बघून काळजात धस्स झाला," ती म्हणाली. "पण बाबा सांगत होते, पिलां मोठी होवन उडान गेली, मगेच तोडल्यानी. खरा मा, बाई? तुमी बघलास मा उडताना?"

"हो" एवढंच म्हणायचं होतं. संचिताला ते त्याच क्षणी कळत होतं. या मुलीनं काही केलं नव्हतं. जगात कोणी त्या पिल्लांसाठी बापाशी भांडलं असेल तर तीच. पण तिचा तो हसरा, निश्चिंत चेहरा संचिताला सहन होईना.

ती शाळेत बोलते तशा शुद्ध मराठीत, एकही शब्द न गाळता सांगू लागली. तुझ्या गाड्या वळणाआड गेल्या आणि पहिली माळ पेटली. मादी किती वेळा उतरू पाहत होती. पोरं काय ओरडत होती. तुझे बाबा मला काय म्हणाले. पिल्लाचा कुठला डोळा फुटला होता. ते कशात घालून पाठवलं.

"खोक्यावर तुझं नाव होतं," ती म्हणाली. "तुझ्या लग्नाचंच निमित्त त्यांना मिळालं. तू मालवणात लग्न करून घेतलं असतंस तर ती पिल्लं आज उडत असती."

शेवटचं वाक्य खरं नव्हतं. गुरुदासांनी दुसरं काही काढलं असतं. ते माहीत असूनही ती बोलली.

प्रियांका ओट्याला धरून उभी होती. आधण उकळून वर आलं, चुलीवर सांडलं. कोणी ते उतरवलं नाही.

"माका कित्याक सांगलास, बाई?" ती शेवटी म्हणाली. "मी रोज त्येंच्या आठवणीन खूश होत होतंय. माका दिवस गेलेत. ता सांगूक इल्लंय."

ती गेली. काजूगर ओट्यावर राहिले. संचिताला डिसेंबरापासून पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. ते किती हलकं वाटतंय हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःची शिसारी आली, पण हलकं वाटायचं थांबलं नाही.

त्या संध्याकाळी तांडेलांच्या घरातून भांडणाचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. प्रियांका तशीच रेडीला परत गेली. नंतर ती माहेरी आलीच नाही. शिमग्याला नाही, चतुर्थीला नाही. मुलगी झाली, तेही गुरुदासांना बाहेरून कळलं. ते बघायला गेले तर तिनं दार उघडलं नाही, सासूनं ओसरीवर पाणी दिलं.

मग एका सकाळी गुरुदास संचिताच्या अंगणात येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्यांच्या मागे लांबवर नव्या खोल्यांची लाल कौलं दिसत होती. देवेश आता तिथेच असायचा दिवसभर.

"ती माझो फोन घेणा नाय," ते म्हणाले. "तुझा ती आयकतली. तिका सांग, तू रागान खोटा बोललंस. नातीचा तोंड एकदा बघूक गावांदे. तुझ्या पाया पडतंय."

आणि ते खरंच वाकले. संचितानं त्यांना अडवलं नाही. म्हाताऱ्याचं कपाळ तिच्या पावलांवर टेकलं, ओलं लागलं, ते तिनं बघून घेतलं. मग पाय काढून घेतले, शाळेची पिशवी उचलली आणि त्यांना वळसा घालून निघून गेली.

शाळा सुटल्यावर तिनं प्रियांकाला फोन लावला. काय सांगायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. गुरुदासांसाठी बोलायचं होतं की स्वतःसाठी, तेही नव्हतं ठरलं. पलीकडे नुसती घंटी वाजत राहिली. तिनं पुन्हा लावला, मग त्या आठवड्यात आणखी कितीदा तरी. एकदाच कोणीतरी उचलला. तान्ह्या मुलीचं रडणं ऐकू आलं, आणि मग फोन ठेवल्याचा आवाज.