तळ्याकाठी उघडलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे आणि खरे सांगायचे तर आता मी थकले आहे. माझे कापड विटले आहे. डावी बिजागरी जन्मापासून कुरकुरते, कारण मला घडवणाऱ्या कारागिराला त्या दिवशी घरी जायची घाई होती. त्याने ती दोनदा ठोकली आणि ‘चालेल’ म्हणाला. तशी मी आजवर चालले आहे.

एका बस ड्रायव्हरने मला विकत घेतले. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात तो डेपोतल्या झाडाखाली मला उघडून बसे. त्याचे सोबती माझे कौतुक करत, फुकट बसूनही घेत. तो निवृत्त झाला आणि मी माळ्यावर गेले. तिथे रिकाम्या डब्यांच्या मागे मी सहा वर्षे काढली. कोणी साधे फडकेही मारले नाही.

त्याच घरात त्याची बायको होती. शिवणकामाच्या दुकानात तिने बावीस वर्षे उभ्याने कापड कापले. सगळे तिला कटिंगबाई म्हणत. टेबलावर वाकून वाकून तिची पाठ धरली, ती धरलीच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की हे दुखणे पुरते जाणार नाही. थोडे चालायचे, पण दुखायला लागायच्या आधी बसायचे. बाईंनी त्यातले चालणेही सोडले आणि बसणेही. दोन वर्षे त्या घराबाहेर पडल्या नाहीत. फक्त तळ्यावर एकदा जाऊन यावे, असे मधूनच म्हणत.

एका सकाळी ड्रायव्हरने मला खाली काढले, पुसले आणि खांद्याला लावले. बाई दारातच अडल्या. खुर्ची घेऊन फिरले तर लोक काय म्हणतील, अशी त्यांची हरकत होती. तो म्हणाला की खुर्ची त्याच्यासाठी आहे, अलीकडे त्याचा गुडघा धरतो. बाईंना ते पटले की नाही कोण जाणे, पण त्यांनी चपला घातल्या.

तळ्याचा रस्ता चढाचा. दर दुसऱ्या दिव्याच्या खांबापाशी ड्रायव्हर थांबे, गुडघा चोळे, मला उघडे आणि मिनिटभर टेकून उठे. मग ‘उघडलीच आहे तर तूही बस’ म्हणे. बाई बसत. त्यांचे अंग किती ताठ असे, ते मला कळे. चौथ्या खेपेला त्या शांतपणे म्हणाल्या, “अहो, मघाशी उजवा होता.” ड्रायव्हर डावा गुडघा चोळत होता. त्याने हात उजव्या गुडघ्यावर नेला.

तळे आले. वाऱ्याने पाणी सुरकुतत होते आणि काठाच्या गवतात बदके पाय पोटाशी घेऊन बसली होती. बाई माझ्यावर बसून बघत राहिल्या. पाठ दुखत होतीच, त्या दोनदा सावरून बसल्या. पण त्यांना बरे वाटत होते.

तेवढ्यात दुकानात काजे-बटणे करणारी त्यांची जुनी सोबतीण फिरत फिरत तिथे आली. खुर्ची कशाला, असे तिने विचारले. ड्रायव्हरने तत्परतेने आपला गुडघा पुढे केला. तिने त्याला एक तेल सुचवले आणि मग बाईंकडे वळून म्हणाली की तुम्ही मात्र ठणठणीत दिसता, दुकानात कापायला माणूस नाही, उद्यापासूनच या.

मी धसकले. बाई मोठ्या मानी. ‘येते’ म्हणाल्या असत्या तर आठ दिवसांत पार आडव्या झाल्या असत्या.

बाईंनी माझ्या दांड्या घट्ट धरल्या.

“ह्यांच्या गुडघ्याला काही धाड भरलेली नाही,” त्या म्हणाल्या. “खुर्ची माझी आहे. माझी पाठ दुखते. रोज दुखते. मला आता उभं राहून कापणं जमणार नाही.”

सोबतीण ओशाळली. मग बाईंच्या शेजारी गवतात बसली आणि इतके दिवस का नाही सांगितले, म्हणून त्यांच्यावरच रागावली. ड्रायव्हर पाण्याकडे बघत होता. त्याचे डोळे भरले होते.

उतरताना गुडघा कोणाचाच दुखला नाही. बाई स्वतःच ‘थांबा’ म्हणत आणि बसत.

मित्रांनो, त्यानंतर दोन दिवस बाई अंथरुणाला खिळून होत्या, हे मी लपवणार नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, “पुन्हा कधी जायचं?”

तेव्हापासून आम्ही पंधरवड्यातून एकदा तळ्यावर जातो. माझे कापड कधी फाटेल सांगता येत नाही. तोवर एक मागते. तुमच्या घरात कोणी रोजचे दुखणे सोसत असेल, तर त्याला ‘दुखतंय’ एवढे मोकळेपणी म्हणू द्या आणि तो बसेपर्यंत घाई न करता शेजारी उभे राहा. माझ्यासारख्या जुन्या खुर्चीला त्याहूनही कमी लागते. महिन्यातून एकदा बिजागरीत दोन थेंब तेल सोडले तरी पुरे.